सेलिनची कवंदी

दुमिंगमावशीला कुणी "कौदी छान शिवता हो" म्हटलं की तिचं टाळकं सरकायचं. हल्याळच्या बाजारातली कन्नड बाई म्हणायची कौदी, खानापूर-बेळगावकडची म्हणायची वाकळ, गोव्याहून आलेला म्हणायचा गोधडी, आणि गाडीतून उतरलेली एखादी शहरातली बाई दोन बोटांत कोपरा धरून दुलई की काय ते म्हणायची. मावशीचं सगळ्यांना एकच उत्तर. "कौदी विकायची असते बाई. ही घरची कवंदी आहे, ठेव खाली." आणि पाठ फिरवायची. गिऱ्हाईक गेलं तर गेलं.

मी तिची शेजारीण, रेजिन. आमच्या हुणसवाड्यात सगळी सिद्दी घरं, आणि माझ्या नि तिच्या घरांमधे फक्त एक फणस. त्या फणसाखाली बसून तिनं जन्मभर शिवलं आणि जन्मभर मला टोचून बोलली. माझी जीभही काही कमी नाही, त्यामुळे आमचं जमायचं.

कौदी तीही शिवायची, लोकांसाठी. लिंगायतांच्या घरून जुन्या साड्या यायच्या. त्यांचे चौकोन कापायचे, ओळीनं जोडायचे, मापाला माप. ते करताना तिचं तोंड असं व्हायचं जसं काही दुसऱ्याचं पोर सांभाळतेय. वाकळ म्हणजे तिच्या मते आळशी बाईचं काम, लुगड्यावर लुगडं टाकायचं आणि नांगर धरल्यासारखे सरळ टाके मारत सुटायचं. लेप तर पिंजाऱ्यानं भरायचा, त्यात बाईचा हात कुठं? कवंदीची गोष्ट निराळी. ती कोपऱ्यावर सुरू व्हायची, हाताला येईल ती चिंधी लावत कडेकडेनं फिरायची, एक फेरा झाला की त्याच्या आतून दुसरा. अशी आत आत येत शेवटी मधोमध एक भोक उरतं. त्याला आम्ही पोट म्हणतो. पोटात मूठभर तांदूळ टाकायचे आणि मग ते शिवून घ्यायचं, म्हणजे कवंदी उपाशी राहत नाही, आणि पांघरणारंही राहत नाही. त्यानंतर चार कोपऱ्यांना कापडाच्या घडीची चार फुलं. फुलं नसली तर कवंदी नागडी. पण आधी पोट, मग फुलं. "जेवल्याशिवाय नटायला बसते का कुणी?" मावशी म्हणायची.

मुलीच्या लग्नाच्या कवंदीला आमच्या वाड्यात आणखी एक रीत आहे. ती आईनं शिवायची, पण तिचं पोट मुलीनं स्वतःच्या मुठीनं भरायचं, लग्नाच्या आदल्या दिवशी. मुलगी लग्नाआधीच गेली, तर मात्र ते पोट दुसऱ्या बाईनं भरायचं आणि कवंदी पोरीच्या पुरायच्या पेटीवर घालायची. मी हे एकदाच बघितलं, वाड्यातल्या पेद्रूची थोरली गेली तेव्हा. पुन्हा बघायला नको.

मावशीचा नवरा सांतान जंगलातल्या ठेकेदाराकडे होता. झाड पडलं ते त्याच्याच अंगावर पडलं. तेव्हा थोरला बस्त्याव शाळेत जायचा आणि सेलिन अजून कडेवर होती. मावशीनं मोलमजुरी केली, मध गोळा केला, लोकांच्या कौद्या शिवल्या आणि दोन्ही पोरं वाढवली. रडत बसली नाही कधी. नाताळात डमाम ढोल वाजला की पहिली हीच उभी राहायची, पदर खोचून, आणि दमून आम्ही खाली बसलो तरी ही नाचतच असायची. "अगं वय काय तुझं," मी म्हणायची. "सांतानच्या वाटचं पण नाचते ना, वेळ लागणारच," असं उत्तर यायचं.

सेलिन मोठी झाली ती आईसारखीच, उंच, तोंडाळ, हसरी. मडगावच्या एका घरी कामाला गेली. जाण्याच्या आधीच मावशीनं तिची कवंदी सुरू केली होती. पहिल्या कोपऱ्याला सेलिनच्या कुमगारचा, म्हणजे चर्चमधल्या पहिल्या प्रसादाचा पांढरा फ्रॉक, मग शाळेचा निळा स्कर्ट, मग सांतानचा उरलेला एकुलता एक सदरा. सेलिन नाताळला यायची तेव्हा दोघी फणसाखाली बसून शिवायच्या. मावशी डावखुरी, तिचे टाके डावीकडे कलायचे. सेलिनचे उजवीकडे. "मायलेकींचं पटत नाही ते टाक्यातच दिसतंय," मी म्हणायची. मावशी म्हणायची, "तू तुझी भाकरी बघ, करपतेय."

मग एका नाताळला सेलिन आली नाही. फोन लागेना. बस्त्याव मडगावला गेला तर घराला कुलूप. शेजारच्यांनी सांगितलं, मालक मंडळी बाहेरदेशी गेली, मुलीला नेलं की सोडलं, माहीत नाही. पाद्रीबाबांनी गोव्यातल्या ओळखीच्यांना विचारून पाहिलं. बस्त्याव पुन्हा गेला, पुन्हा रिकामा आला. तिसऱ्यांदा निघाला तेव्हा मावशीच म्हणाली, "राहू दे. तिला घर माहीत आहे."

तेव्हापासून दोन गोष्टी झाल्या. एक, नाताळच्या आधी मावशी रस्त्यावरच्या मोरीवर जाऊन बसायला लागली, बस थांबते तिथं. उतरणाऱ्या प्रत्येक बाईचे केस बघायची. आमच्यासारखे कुरळे केस त्या बसमधून फार उतरत नाहीत, त्यामुळे तिला लांबूनच कळायचं, तरी शेवटचा माणूस उतरेपर्यंत बसायची. दुसरी गोष्ट, चुलीजवळ सेलिनचं ताट. रात्री सगळ्यांना वाढलं की त्या ताटात घासभर भात पडायचा. सकाळी कोंबड्यांना.

आणि कवंदी. तिचे फेरे पूर्ण झाले होते. मधे फक्त हात जाईल एवढं पोट उघडं. फुलं अर्थातच नाहीत. दर वर्षी पावसाळा संपला की मावशी ती ट्रंकेतून काढून फणसावर उन्हात टाकायची आणि संध्याकाळी पुन्हा आत ठेवायची. एकदा मी चिडून म्हटलं, "अगं बाई, थंडीनं कुडकुडतेस आणि एवढी जाड कवंदी कुलपात! शिवून टाक ते भोक आणि घे अंगावर."

तिनं माझ्याकडे बघितलं. मग हळू म्हणाली, "तिची मूठ पडू दे गं आधी."

बस्त्यावचं लग्न झालं. फ्लोरा घाटाखालच्या वस्तीतली. सिद्दीच, पण त्यांच्याकडे सगळंच थोडं वेगळं. ती कवंदीला वाकळ म्हणायची. पहिल्याच दिवशी म्हणाली, "सासूबाई, ही वाकळ कुठं ठेवू?" आणि मावशीनं वाड्याला ऐकू जाईल असं सुनावलं. पोरगी भली होती. उलटून बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून कवंदी म्हणायला लागली, नाव बदललं. पण नावासोबत रीत कुठून येणार? तिच्या माहेरी शिवणारी बाईच पोट भरते, लग्नाचं असो की बाळाचं. मुलीच्या मुठीची गोष्ट तिथं नाही. आम्हाला वाटलं तिला माहीत असेल, तिला वाटलं सगळीकडे सारखंच असेल. सांगितलं कुणीच नाही. सेलिनचा विषय मावशीसमोर काढायचा नाही एवढं मात्र सगळ्यांनी तिला पढवलं होतं.

त्यांना पोरं झाली. मग एका वर्षी थंडी वाईट पडली. नाताळ तोंडावर आला आणि मावशीनं अंथरूण धरलं. अंग तापलेलं, दात वाजतायत, आणि मधेच काहीबाही बोलायची. तिची स्वतःची कवंदी तिनं कधीच नातवंडांच्या अंगावर टाकली होती. बस्त्याव औषधाला हल्याळला गेला. फ्लोरानं घरात होतं नव्हतं ते सासूच्या अंगावर घातलं, तरी थरथर थांबेना. मग तिनं ट्रंक उघडली.

पोट उघडं, त्यामुळे आतल्या चिंध्या सरकत होत्या. फ्लोरा दुपारी दारात उन्हाला बसली, मडक्यातले मूठभर तांदूळ घेतले, 'आमच्या बापा' ही प्रार्थना म्हटली, सासूला आयुष्य दे म्हणाली आणि पोट शिवून टाकलं. फुलं करायला वेळ नव्हता. कवंदी नेऊन मावशीवर घातली, पायाखाली खोचली. थोड्या वेळानं थरथर कमी झाली. हे सगळं तिनं मला नंतर सांगितलं.

सकाळी ताप उतरला होता. मी पेजेचं भांडं घेऊन गेले तेव्हा मावशी जागी होती, छताकडे बघत होती. तिचा डावा हात कवंदीच्या मधोमध होता. बोटं थांबली होती.

"कोण आलं होतं?" तिनं विचारलं.

"कुठं कोण," फ्लोरा म्हणाली. "कुणी नाही आलं."

"बस्त्याव कुठं आहे?"

"हल्याळला. औषध घ्यायला. रात्री गाडी चुकली असेल, येईल आता."

मावशीनं डोळे मिटले. "आणायला गेलाय," ती म्हणाली. "मला माहीत आहे. आणू दे. दारातून आत घ्या तिला, परसातून नको."

फ्लोराला काही कळेना. मला कळलं. मी कवंदीवर हात ठेवला आणि बोटांखाली दाणे लागले. फ्लोराला मी बाहेर ओढलं, दंडाला धरून, आणि विचारलं, "हे कुणी केलं?" तिनं सांगितलं. मी तिला काय काय बोलले ते आता लिहीत नाही. मग रीत सांगितली. ती तिथंच फणसाला टेकून खाली बसली.

आम्ही आत गेलो, सगळं खरं सांगितलं. फ्लोरानं पाय धरले. "सासूबाई, मला माहीत नव्हतं हो. तुम्ही थंडीनं मरत होतात. मीच शिवलं, कुणी बातमी आणली नाही, काही नाही."

मावशीनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. कधी फिरवत नसे. "चांगली आहेस तू," म्हणाली. "तोंडानं सांगवेना म्हणून असं सांगितलंस. बरं केलंस. अंगावर घातल्यावर कळलं मला."

बस्त्याव आला, औषध घेऊन, एकटा. त्यानं क्रूसावर हात ठेवला. ती म्हणाली, "ठेव तो हात खाली. आईसाठी कशाला खोटी शपथ घेतोस." पाद्रीबाबा आले, त्यांनी समजावलं की बातमी नाही तर मरणाची मीसा, गेलेल्यासाठीची प्रार्थना, म्हणता येत नाही, आपण ती जिथं असेल तिथं सुखी राहो म्हणून प्रार्थना करू. मावशी म्हणाली, "करा बाबा, तीही करा." वाड्यातली एकेक बाई येऊन सांगून गेली. जितकी जास्त माणसं आली, तितकी तिची खात्री पटली. माणूस गेल्याशिवाय एवढे लोक दारात येतात का?

त्या पहिल्या दिवशी ती रडली. मी माझ्या घरात होते, मला फणसापलीकडून ऐकू येत होतं. पुढं नाही रडली. उठली, बरी झाली, आणि नाताळच्या आदल्या दिवशी मोरीवर गेली नाही. मी म्हटलं, "चल ना, मी येते सोबत. बसू घटकाभर." "कुणाला बघायला?" तिनं विचारलं. डमाम वाजला तेव्हा दारात बसून राहिली, हात मांडीवर ठेवून.

चुलीजवळचं ताट तिनं उचललं. आमच्या प्रत्येक घरात एक कोपरा असतो, घरातल्या गेलेल्या माणसांचा. हिरियार म्हणतो आम्ही त्यांना. चर्चला जाणाऱ्यांच्या घरी असतो आणि दर्ग्याला जाणाऱ्यांच्याही असतो. तिथं नारळ, दिवा, सणाला पानावर घासभर काहीतरी. मावशीच्या कोपऱ्यात सांतान होता, सासू-सासरे होते. सेलिनचं ताट तिनं तिथं नेऊन ठेवलं. चुलीपासून तो कोपरा पाच पावलंसुद्धा नसेल. फ्लोरा ते बघून परसात गेली आणि ओकली.

मग मावशी फुलं करायला बसली. लाल कापड मागितलं. माझ्याकडे एक जुना परकर होता, तो दिला. तिच्या हातात जोर राहिला नव्हता. सुई ओवून द्यायचं काम माझं. मी म्हटलं, "मावशी, अजून ऐक माझं. फुलं नको करूस. उसवू आपण ते पोट, मी उसवते."

"उसवून काय होतं?" ती म्हणाली. "भरलं ते भरलं. नागडी कशी पाठवू तिला?"

एकेक फूल करायला तिला फार वेळ लागला. चौथं झालं तेव्हा फणसाला कुयरी धरली होती. कवंदी घडी करून तिनं ट्रंकेत ठेवली आणि फ्लोराला सांगितलं, "मला घालू नका ही. तिची आहे. तिची पेटी आणाल तेव्हा घाला." पाऊस पडायच्या आधी ती गेली. झोपेत गेली. तिच्या अंगावर आम्ही तिची ती जुनी, नातवंडांनी मुतून मुतून पिवळी केलेली कवंदी घातली.

त्याच वर्षीच्या नाताळात, मी दारात तांदूळ निवडत होते आणि रस्त्यावरून एक उंच बाई आली. हातात बॅग, सोबत पाच-सहा वर्षांची पोर. चालणं बघून माझ्या हातातलं सूप पडलं.

सेलिन थकलेली होती, पण सेलिनच होती. मालकांनी मस्कतला नेलं होतं, कागद त्यांच्याकडे. तिथून सुटली तेव्हा हे पोर पोटात होतं आणि पोराचा बाप कुठं होता देव जाणे. मुंबईत राहिली, कामं केली. "दर नाताळला ठरवायचे मावशी," ती मला म्हणाली, "आणि दर नाताळला वाटायचं, आईपुढं कुठल्या तोंडानं उभी राहू. आई बोलेल म्हणून भ्यायचे. बोलली असती तरी काय झालं असतं?" मी तिला जवळ घेतलं. काय झालं असतं ते तिला माहीत होतं, मलाही.

आई नाही हे बस्त्यावनं सांगितलं. बाकीचं आम्ही कुणी सांगितलं नाही. कोपऱ्यातलं ताट फ्लोरानं आधीच लपवलं होतं. कबरीवर जाऊन आल्यावर सेलिन भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "माझी कवंदी आहे का गं? की दिली कुणाला?"

फ्लोरानं माझ्याकडे बघितलं. मग ट्रंक उघडली. नाही म्हणता येण्यासारखं नव्हतंच ते.

सेलिननं कवंदी जमिनीवर पसरली. पोर लगेच त्यावर लोळायला लागली. "मम्मी, ही कसली गोधडी?" "गोधडी नाही गं, कवंदी," सेलिन म्हणाली, अगदी आईच्या सुरात, आणि आल्यापासून पहिल्यांदा थोडी हसली. पांढऱ्या फ्रॉकवर हात फिरवला, निळ्या स्कर्टवर फिरवला. हात फिरत फिरत मध्यावर आला आणि थांबला.

ती आमच्याच वाड्यात वाढलेली. तिला समजावून सांगायला काही नव्हतं.

"कुणी भरली?" तिनं विचारलं.

फ्लोराचं तोंड उघडलं. मी तिच्या आधी बोलले. "आई गेल्यावर आम्ही भरली. एवढी वर्षं तुझा पत्ता नाही, उघडी किती दिवस ठेवायची? आईला काही माहीत नव्हतं. ती शेवटपर्यंत मोरीवर जाऊन बसायची तुझ्यासाठी."

मी आयुष्यात पुष्कळ खोटं बोलले असेन. हे एक मनापासून बोलले, आणि देवानं ते तरी चालू द्यावं असं मला वाटत होतं.

सेलिननं मान हलवली. डोळे पुसले. मग सहज कोपरा हातात घेतला, लाल फूल उलटं केलं आणि उजेडाकडे धरलं. बराच वेळ धरून बसली. मीही बघितलं. टाके बारीक होते, थोडे वेडेवाकडे, आणि सगळे डावीकडे कललेले.

"फुलं आईच्या हातची आहेत," ती म्हणाली.

मी म्हटलं, "हो."

"फुलं पोट भरल्यावर लावतात, रेजिनमावशी."

फ्लोरा रडायला लागली, तोंडात पदर कोंबून.

"किती दिवस?" सेलिननं विचारलं.

"नाताळापासून," मी म्हटलं. "पावसापर्यंत."

"रडली?"

"एकदाच. पहिल्या दिवशी."

पोर कवंदीवर झोपून गेली होती. सेलिन तिच्या शेजारी आडवी झाली, अजून दिवस मावळायचा होता तरी, आणि कवंदीची मोकळी बाजू ओढून दोघींच्या डोक्यावरून घेतली. मी आणि फ्लोरा चुलीजवळ जाऊन बसलो. फ्लोरानं लपवलेलं ताट काढलं, घासलं आणि त्यात भात वाढून ठेवला.